विश्लेषण : वाशीमहून पाळीव प्राण्याला विमानाने न्यायचे, तर तयारी कधीपासून करावी?

मुलीला बेंगळूरुत नोकरी लागते, वडिलांची बदली होते किंवा पुण्याला कायमचे राहायला जायचे ठरते. सामानाच्या गाडीचा भाव काढला जातो, शाळेचे दाखले निघतात, विमानाची तिकिटेही दहा मिनिटांत मोबाइलवर मिळतात. मग प्रश्न उरतो घरातल्या कुत्र्याचा किंवा मांजराचा. त्याला विमानाने नेता येईल का? येईल, पण तिकीट काढून झाल्यावर हा प्रश्न विचारला तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. देशांतर्गत प्रवासासाठी किमान दीड महिना आणि युरोप किंवा ब्रिटनसाठी जवळपास पाच महिने हाताशी हवेत. त्यातच वाशीमसारख्या, विमानतळ नसलेल्या जिल्ह्यातून निघायचे असेल तर विमानाआधीच्या रस्त्याचाही विचार करावा लागतो. त्यामुळे कोणत्या तारखेला काय करायचे, हे समजून घेणे महत्त्वाचे.

वाशीमकरांसाठी विमानतळ कोणता?

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. शेजारच्या अकोल्यातील शिवणी विमानतळावरून नियमित प्रवासी सेवा नाही. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईसाठी सेवा सुरू झाली. ती ‘एटीआर-७२’ या छोट्या, पंख्याच्या विमानाने. नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर हे आणखी दोन पर्याय. पण उड्डाणांची संख्या आणि मोठी विमाने पाहता पाळीव प्राण्यासाठी अनेकदा नागपूरच सोयीचे पडते.

वाशीम ते नागपूर अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. कारंजा किंवा शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग गाठला तर प्रवास सुकर होतो. तरीही कुत्र्याच्या दृष्टीने हा तीन-चार तासांचा मोटार प्रवास, त्यानंतर विमानतळावरील दोन-तीन तास आणि मग दीड-दोन तासांचे उड्डाण असा सलग दिवस असतो. ज्या प्राण्याला गाडीत बसले की उलटी होते, त्याच्यासाठी विमानापेक्षा हा रस्ताच अवघड. म्हणून पहिली चाचणी विमानाची नव्हे, गाडीची. आधी रिसोड किंवा मालेगावपर्यंत, मग अकोल्यापर्यंत एकेक फेरी करून प्राणी कसा वागतो ते पाहावे.

सर्व विमान कंपन्या प्राणी नेतात का?

नाही. देशांतर्गत विमानात पाळीव प्राणी नेण्याबाबत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे (डीजीसीए) १९८५ चे परिपत्रक आहे. त्याच्या चौकटीत प्रत्येक कंपनी स्वतःचे नियम ठरवते. देशात सर्वाधिक उड्डाणे असलेली इंडिगो, अपंग प्रवाशांसोबतचे प्रशिक्षित सेवा प्राणी वगळता, पाळीव प्राणी स्वीकारत नाही. एअर इंडिया अनेक वर्षांपासून ही सेवा देते. अकासा एअरने १ नोव्हेंबर २०२२ पासून कुत्र्या-मांजरांना परवानगी दिली. अकासाची केबिनमधील मर्यादा सुरुवातीला पिंजऱ्यासह ७ किलो होती, ती नंतर १० किलो करण्यात आली.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की आधी स्वस्त तिकीट शोधून मग प्राण्याचे पाहू, हा क्रम चालत नाही. प्राणी नेणारी कंपनी कोणती, ती कोणत्या विमानतळावरून हवे तिथे थेट जाते, हे आधी पाहायचे. एका उड्डाणात केबिनमध्ये मोजकेच प्राणी घेतले जातात. त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी कंपनीला फोन करून त्या उड्डाणात जागा आहे का हे विचारावे आणि प्राण्याची नोंद किमान ४८ ते ७२ तास आधी लेखी पक्की करून घ्यावी. वेळापत्रके हंगामानुसार बदलतात आणि शुल्कही बदलते, तेव्हा दोन्ही गोष्टी कंपनीच्या संकेतस्थळावरच तपासाव्यात. शक्यतो थेट उड्डाण निवडावे. जोडउड्डाण म्हणजे प्राण्यासाठी दुसऱ्यांदा चढ-उतार आणि दुसऱ्यांदा ताटकळणे.

केबिन की होल्ड, हे कोण ठरवते?

वजन ठरवते. सप्टेंबर २०२१ मध्ये एअर इंडियाच्या मुंबई-चेन्नई विमानातील बिझनेस क्लासच्या सर्व १२ जागा एका प्रवाशाने आपल्या कुत्र्यासाठी आरक्षित केल्याची बातमी गाजली होती. अडीच लाखांहून अधिक खर्च झाल्याचे तेव्हा सांगितले गेले. त्या बातमीत एक तपशील मात्र मागे पडला. तो कुत्रा माल्टीज होता, म्हणजे जेमतेम तीन-चार किलो वजनाची, मांडीवर बसणारी जात. केबिनमधील प्रवेश त्याला वजनामुळे मिळाला होता. पैशांनी फक्त आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या.

वाशीमच्या घरांत असतो तो बहुतेकदा गावठी कुत्रा. पूर्ण वाढ झालेल्या गावठी कुत्र्याचे वजन साधारण १५ ते २० किलो. लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर २५ ते ३५ किलो. केबिनची १० किलोची मर्यादा धरली आणि त्यातून मऊ पिशवीचे दीड किलो वजा केले, तर प्रत्यक्ष प्राण्यासाठी उरतात साडेआठ किलो. म्हणजे मांजर, पिल्लू, पॉमेरेनियन किंवा शित्झू यांच्यापुरतीच केबिन. बाकीच्यांना सामानाच्या कप्प्यात, म्हणजे ‘होल्ड’मध्ये जावे लागते. तिथेही कमाल वजनाची मर्यादा असते आणि ती प्राणी व पिंजरा मिळून मोजली जाते. त्यामुळे मोठ्या कुत्र्याला आधी दवाखान्याच्या काट्यावर चढवावे आणि मग पुढचे बेत आखावेत.

केबिनमध्येही प्राणी मांडीवर घेता येत नाही. संपूर्ण प्रवासभर तो पिशवीत, समोरच्या आसनाखाली राहतो. ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्ले, गाभण मादी आणि आजारी प्राणी यांना प्रवेश नसतो.

होल्डमध्ये प्राणी गुदमरतो का?

मालकांच्या मनातली सर्वांत मोठी भीती हीच. प्रवासी विमानाचा होल्ड हा केबिनप्रमाणेच दाबनियंत्रित असतो. विमान ३५ हजार फुटांवर असले तरी आतला दाब सुमारे ८ हजार फूट उंचीवरील हवेइतका किंवा त्याहून अधिक राखला जातो. केबिनच्या जमिनीखाली दाबाची वेगळी भिंत नसते. संपूर्ण नळकांडे एकच. त्यामुळे ‘खाली हवा नसते’ हा समज चुकीचा आहे.

फरक असतो तो हवा खेळती ठेवण्याच्या आणि तापमान राखण्याच्या यंत्रणेत. ती प्रत्येक विमानाच्या प्रत्येक कप्प्यात बसवलेली नसते. काही विमानांत ती फक्त मागच्या कप्प्यात असते, काहींत अजिबात नसते. एकाच कंपनीच्या एका विमानात कुत्रा चालतो आणि दुसऱ्यात चालत नाही, यामागचे कारण बहुतेकदा हेच. कोणत्या कप्प्यात जिवंत प्राणी आहे, याची लेखी सूचना उड्डाणापूर्वी वैमानिकाला दिली जाते, कारण कप्प्याचे तापमान त्याला सांभाळायचे असते. ऐनवेळी विमान बदलले तर प्राणी नाकारला जाऊ शकतो आणि अंतिम निर्णय वैमानिकाचा असतो. म्हणून नोंदणी करताना ‘या उड्डाणाच्या विमानात होल्डमध्ये प्राणी नेण्याची सोय आहे का’ हा प्रश्न नेमका विचारावा आणि विमान बदलल्यास काय, तेही विचारून ठेवावे.

प्रत्यक्षात धोका हवेत कमी आणि जमिनीवर जास्त असतो. टर्मिनल ते विमान या पट्ट्यात पिंजरा गाडीवर उभा असतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४३-४४ अंशांवर जातो तेव्हा विमानतळाचे काँक्रीट त्याहून कितीतरी तापलेले असते. अमेरिकी नियमांनुसार, ने-आण करताना कुत्र्या-मांजरांना २९.५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापमानात ४५ मिनिटांहून अधिक काळ ठेवता येत नाही. विदर्भात मार्च ते जूनमध्ये दिवसा ही अट पाळणे जवळपास अशक्य आहे. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो. त्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या घरात असते आणि ते ४१ च्या पुढे गेले तर जिवावर बेतते. म्हणून उन्हाळ्यात होल्डमधून नेणे टाळावे. पर्याय नसेल तर पहाटेचे किंवा रात्री उशिराचेच विमान घ्यावे.

पग आणि पर्शियन मांजरांचा प्रश्न वेगळा का?

२००३ च्या सुमारास मोबाइल कंपनी ‘हच’च्या जाहिरातीतून पग घराघरांत पोहोचला आणि पुढे लहान शहरांतही दिसू लागला. पग, बुलडॉग, बॉक्सर, शित्झू, पर्शियन मांजर या चपट्या नाकाच्या जाती. त्यांची श्वासनलिका आणि नाकपुड्या मुळातच अरुंद असल्याने उष्णतेत किंवा घाबरल्यावर त्यांना पुरेसा श्वास घेता येत नाही.

अमेरिकेच्या वाहतूक विभागाने २०१० मध्ये जाहीर केलेल्या नोंदी बोलक्या आहेत. मे २००५ पासून तेथील विमान कंपन्यांनी १२२ कुत्र्यांचे मृत्यू नोंदवले होते आणि त्यांतील शुद्ध जातीच्या कुत्र्यांपैकी जवळपास निम्मे चपट्या नाकाचे होते. त्यानंतर अनेक कंपन्यांनी या जातींना होल्डमध्ये घेणे बंद केले. पग वजनात बसत असेल तर केबिन, नसेल तर रेल्वे किंवा मोटार, असा सरळ हिशेब ठेवावा. ‘लहान झोपेची गोळी देऊन पाठवू’ हा विचार तर मनातूनही काढून टाकावा. गुंगीच्या औषधाने रक्तदाब आणि श्वास मंदावतो, प्राण्याला तोल सांभाळता येत नाही आणि वर त्याच्याकडे पाहायला कोणी नसते. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनाही (आयाटा) गुंगी देण्याची शिफारस करत नाही. गुंगीत असलेला प्राणी काउंटरवरच नाकारला जाऊ शकतो.

पिंजरा किती मोठा हवा?

होल्डसाठी टणक पिंजरा लागतो आणि त्याच्या मापासाठी आयाटाचे सूत्र जगभर वापरले जाते. घरी टेपने चार मापे घ्यावीत. पहिले, नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी. दुसरे, जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतची उंची. तिसरे, खांद्यांची रुंदी. चौथे, उभा असताना जमिनीपासून डोक्याच्या किंवा ताठ कानांच्या टोकापर्यंतची उंची.

पिंजऱ्याची आतली लांबी म्हणजे पहिले माप अधिक दुसऱ्याचे निम्मे. रुंदी म्हणजे तिसऱ्या मापाची दुप्पट. उंची म्हणजे चौथे माप अधिक अंथरुणाची जाडी. समजा गावठी कुत्र्याची लांबी ६० सेंमी, कोपर ३० सेंमीवर, खांदे २० सेंमी आणि कानापर्यंतची उंची ५५ सेंमी आहे. तर पिंजरा आतून किमान ७५ सेंमी लांब, ४० सेंमी रुंद आणि अंथरूण धरून ५८ सेंमीच्या आसपास उंच हवा. चपट्या नाकाच्या जातींसाठी प्रत्येक माप १० टक्क्यांनी वाढवावे. निकष सोपा आहे : प्राण्याला आत ताठ उभे राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आले पाहिजे.

पिंजऱ्याचे दोन भाग प्लास्टिकच्या खटक्यांनी नव्हे, तर धातूच्या नट-बोल्टने जोडलेले असावेत. आंतरराष्ट्रीय प्रवासाला चारही बाजूंनी हवेची छिद्रे लागतात. पाण्याचे भांडे दाराला आतून पक्के बसवलेले आणि दार न उघडता बाहेरून भरता येईल असे हवे. चाके असतील तर काढावीत. आत पट्टा, साखळी किंवा मुसके ठेवू नये; ते अडकून फास बसू शकतो. लोखंडी जाळीचा घरगुती पिंजरा, भाजीचे क्रेट किंवा सुताराकडून घाईत करून घेतलेली पेटी विमानतळावर चालत नाही. वाशीममध्ये मापाचा पिंजरा दुकानात मिळेलच असे नाही. ऑनलाइन मागवून, तो लहान पडल्यास बदलून घेण्याइतके दिवस हाती ठेवावेत.

पिंजरा आला म्हणजे काम संपले असे नाही, ते तिथून सुरू होते. तीन-चार आठवडे तो घरात उघडा ठेवावा. जेवण आत द्यावे, घरातल्या कोणाची वापरलेली चादर आत अंथरावी. मग दार पाच मिनिटे, पुढे अर्धा तास, दोन तास असे बंद करत जावे. अंगणात मोकळे वाढलेल्या कुत्र्यासाठी ही पायरी सर्वांत महत्त्वाची. ज्याने आयुष्यात कधी बंद दार पाहिले नाही, त्याला थेट विमानतळावर पिंजऱ्यात कोंबले तर तो दात आणि नखे तुटेपर्यंत जाळी ओरबाडतो.

देशांतर्गत प्रवासाला कोणती कागदपत्रे लागतात?

मुख्यतः दोन. रेबीज प्रतिबंधक लसीकरणाचा दाखला आणि नोंदणीकृत पशुवैद्यकाने दिलेले आरोग्य प्रमाणपत्र. लस ताजी असेल तर प्रवासापूर्वी साधारण ३० दिवस उलटलेले असावेत आणि जुनी असेल तर तिची मुदत संपलेली नसावी. आरोग्य प्रमाणपत्र मात्र प्रवासाच्या अगदी जवळच्या तारखेचे लागते; किती दिवसांपूर्वीचे चालेल, हे कंपनीनुसार बदलते. प्रमाणपत्रावर प्राण्याचा रंग, लिंग, वय, वजन, ओळखीच्या खुणा आणि पशुवैद्यकाचा नोंदणी क्रमांक स्पष्ट असावा. जातीच्या रकान्यात गावठी कुत्र्यासाठी ‘देशी’ किंवा ‘मिश्र’ असे लिहिले तरी चालते, पण लसीच्या दाखल्यावर एक आणि आरोग्य प्रमाणपत्रावर दुसरेच, असे होऊ देऊ नये.

वाशीम जिल्ह्यातील सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचे काम मुख्यतः गाई-म्हशी, बैल आणि शेळ्यांचे. तिथल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना लसीकरण आणि प्रमाणपत्र ही कामे नवी नाहीत, मात्र विमान कंपनीचा विशिष्ट नमुना त्यांच्याकडे तयार नसतो. तो मालकाने कंपनीकडून घेऊन, छापून सोबत न्यावा. हृदय किंवा श्वसनाचा त्रास असलेल्या, वयस्क प्राण्याची सखोल तपासणी करायची असेल तर अकोल्यातील स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था सर्वांत जवळची. अंतर सुमारे ८० किलोमीटर. त्यापुढे नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय. दोन्ही संस्था महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येतात.

परदेशी न्यायचे तर पाच महिने का?

कारण रेबीज. भारत हा रेबीजचा धोका असलेला देश मानला जातो, त्यामुळे अनेक देश फक्त लसीच्या दाखल्यावर विश्वास ठेवत नाहीत. लसीमुळे रक्तात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार झाली आहे, हे प्रयोगशाळेतून सिद्ध करावे लागते. हे प्रमाण प्रतिमिलिलिटर किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक असावे लागते.

युरोपीय संघासाठी क्रम असा : आधी मायक्रोचिप, मग त्याच दिवशी किंवा नंतर रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्तनमुना, तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत आणि नमुन्याच्या तारखेपासून तीन महिने प्रतीक्षा. ब्रिटनचेही हेच, शिवाय तिथे विमानाने येणारा प्राणी सर्वसाधारणपणे मालवाहू म्हणूनच स्वीकारला जातो आणि कुत्र्याला पोहोचण्यापूर्वी १ ते ५ दिवसांच्या काळात जंताचे औषध द्यावे लागते.

तारखा मांडून पाहिल्या की चित्र स्पष्ट होते. १ ऑगस्टला चिप आणि लस. ३१ ऑगस्टला रक्तनमुना. ३० नोव्हेंबरला तीन महिने पूर्ण. म्हणजे डिसेंबरच्या थंडीत प्रवास. पण जर्मनीची नोकरी डिसेंबरमध्ये ठरली आणि १ डिसेंबरला सुरुवात केली, तर पहिले शक्य उड्डाण उजाडते एप्रिलमध्ये, ऐन उन्हाळ्यात. नमुना पाठवणे आणि अहवाल येणे यातल्या दिरंगाईसाठी आणखी काही आठवडे धरावेत.

यात सर्वाधिक लोकांची गफलत होते ती चिपच्या क्रमात. कुत्र्याला दरवर्षी नियमाने लस दिलेली असते, पुस्तिका शिक्क्यांनी भरलेली असते, पण चिप नंतर बसवलेली असेल तर आधीची लस त्या प्राण्याचीच होती हे सिद्ध होत नाही. अशा वेळी लस पुन्हा घेऊन मोजणी शून्यापासून सुरू होते. मायक्रोचिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी, १५ अंकी क्रमांक असलेली काचेची कुपी. ती खांद्यांच्या मधोमध कातडीखाली सुईने बसवतात. तिला बॅटरी नसते आणि तिच्यावरून प्राणी कुठे आहे ते कळत नाही. रीडर जवळ नेला की फक्त क्रमांक वाचता येतो. आंतरराष्ट्रीय मानकाची, १३४.२ किलोहर्ट्झवर वाचली जाणारी चिपच घ्यावी आणि बसवल्यावर लगेच रीडरने क्रमांक तपासावा.

अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्यांचे नियम कडक केले. कुत्रा किमान ६ महिन्यांचा, चिप बसवलेला हवा आणि भारतासारख्या देशातून, तिथेच लस घेऊन येणाऱ्या कुत्र्यासाठी सरकारी पशुवैद्यकाने प्रमाणित केलेला अर्ज, रक्तचाचणी आणि ठरावीक विमानतळांवरील नोंदणीकृत केंद्रात आधी आरक्षण लागते. रक्तचाचणी नसेल तर २८ दिवस विलगीकरण. जपानमध्ये रक्तनमुन्यानंतर १८० दिवसांची प्रतीक्षा आहे. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट कुत्री-मांजरे घेतच नाही. संयुक्त अरब अमिरातीसाठी आधी आयात परवाना काढावा लागतो.

भारतातून बाहेर पडताना केंद्राच्या पशु विलगीकरण व प्रमाणन सेवेचे प्रमाणपत्र लागते. तिची केंद्रे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बेंगळूरु आणि हैदराबाद येथे आहेत, विदर्भात नाही. युरोपसाठीचे आरोग्य प्रमाणपत्र दिल्यापासून १० दिवसांत तिथे पोहोचणे बंधनकारक असते. त्यामुळे वाशीमच्या कुटुंबाला प्राण्यासह शेवटचे काही दिवस मुंबई किंवा हैदराबादेत मुक्काम करावा लागेल, हे गृहीत धरूनच तिकीट काढावे. फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधून सुटका झालेल्या भारतीयांसोबतच्या कुत्र्या-मांजरांसाठी केंद्राने कागदपत्रांत सवलत दिली होती. मात्र ती युद्धामुळे दिलेली, एकदाचीच सवलत होती. एरवी अशी सूट मिळत नाही.

मिठ्ठू पोपटालाही नेता येईल का?

काही कंपन्यांच्या नियमांत ‘पक्षी’ हा शब्द असतो, पण तो घरातल्या हिरव्या पोपटाला लागू नाही. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार देशी पोपट पाळणे हाच गुन्हा आहे. कासवांच्या अनेक देशी प्रजातींचेही तेच. हौसेने पाळलेल्या काही परदेशी प्रजातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. तेव्हा मिठ्ठूला विमानतळावर नेण्याऐवजी वन विभागाशी बोलावे. पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटाला असेच उडवून देणे हाही उपाय नव्हे. तो बाहेर जगत नाही.

प्रवासाच्या दिवशी काय करावे?

जड जेवण चार ते सहा तास आधी. पाणी मात्र थांबवू नये. नागपूरकडे जाताना दर दीड-दोन तासांनी उतरवून फिरवावे. कुत्र्याला बंद गाडीत ठेवून जेवायला जाऊ नये. प्राण्यासोबत असताना ऑनलाइन चेक-इन उपयोगाचे नसते, काउंटरवरच जावे लागते, म्हणून तीन तास आधी पोहोचावे. सुरक्षा तपासणीत पिशवी एक्स-रेमधून जाते, प्राणी नाही. त्याला बाहेर काढून हातात घ्यावे लागते. गोंगाटात बिथरलेली मांजर इथेच निसटते. तिला अंगाला बसणारा हार्नेस आधीपासून घालून ठेवावा. पिंजऱ्यावर प्राण्याचे नाव, दोन मोबाइल क्रमांक आणि पोहोचण्याचा पत्ता चिकटवावा. सर्व कागदांची एक प्रत पिंजऱ्याला, एक हातात आणि एक मोबाइलमध्ये ठेवावी. प्राण्याचा ताजा फोटोही जवळ असावा.

विमान हाच एकमेव मार्ग आहे का?

नाही आणि अनेक प्राण्यांसाठी तो योग्य मार्गही नाही. रेल्वेत प्रथमश्रेणी वातानुकूलित डब्यातील संपूर्ण कूपे किंवा केबिन आरक्षित केल्यास कुत्र्याला मालकासोबत नेता येते. टू-टियर, थ्री-टियर किंवा स्लीपरमध्ये परवानगी नसते. दुसरा पर्याय गार्डच्या डब्यातील श्वानपेटीचा. तिची नोंद पार्सल कार्यालयात होते, पण उन्हाळ्यात ती टाळलेलीच बरी. पुणे किंवा मुंबईला जायचे असेल तर समृद्धीवरून रात्रीची मोटार हा मोठ्या कुत्र्यासाठी सर्वांत कमी त्रासाचा प्रवास ठरू शकतो. वयोवृद्ध, हृदयविकार असलेला किंवा माणसांपासून क्षणभरही दूर न राहणारा प्राणी असेल तर त्याच्यासाठी नातेवाइकांत चांगले घर शोधणे, हाही प्रेमाचाच निर्णय आहे.

मग अडचण नेमकी कुठे आहे?

नियम फार क्लिष्ट नाहीत. अडचण आहे ती माहिती वेळेवर न मिळण्याची. विमान कंपन्या तिकीट विकताना सामानाचे, जेवणाचे, आसनाचे दहा प्रश्न विचारतात. ‘सोबत प्राणी आहे का’ हा प्रश्नही त्याच पानावर विचारला, तर निम्मी फरफट वाचेल. जिल्हा पातळीवर चिप बसवण्याची सोय, एक रीडर आणि प्रमाणपत्राचा ठरलेला नमुना एवढ्या तीन गोष्टी पशुसंवर्धन विभागाला अशक्य नाहीत. विमानतळांची संख्या वाढते आहे, विदर्भातले तरुण बाहेर जात आहेत आणि त्यांच्या घरातले प्राणीही. सेवा मात्र अजून गोठ्यापुरतीच आखलेली आहे.

आणि माहिती नसल्याची किंमत माणूस देत नाही. तिकीट निघाले, कुत्र्याचे जमले नाही, सामानाची गाडी हलली, की तो गल्लीत सोडला जातो. आयुष्यभर आयते खाल्लेला कुत्रा रस्त्यावरच्या टोळीत टिकत नाही. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्यासाठीचा दंड आजही १० ते ५० रुपये. कायद्याचा धाक त्यामुळे जवळपास नाहीच. उरते ती मालकाची जबाबदारी आणि ती पार पाडण्याची पहिली पायरी अगदी साधी आहे : बदलीची किंवा नोकरीची नुसती कुणकुण लागली, की सामान बांधायला घेण्याआधी कुत्र्या-मांजराची लसीची पुस्तिका काढून तिच्यावरची शेवटची तारीख पाहावी.